सप्ताहाच्या मांडवातून गेलेली घोंगडी

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या फाल्गुनातली. मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, कडेला लाल रेघ असलेली, आणि मधोमध जळून भोक पडलेली.

माझी लोकर ताडकळसच्या आसपास चरणाऱ्या मेंढ्यांची. एका धनगराच्या म्हातारीने ती पिंजली, कातली. तिच्या लेकाने मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताठ केलं. तिथल्याच आठवडी बाजारातून नागनाथरावांनी मला जवळच्या खेड्यातल्या आपल्या घरी नेलं, ते देवाच्या कामासाठी. लोकर पवित्र, म्हणून खंडोबाच्या जागरणात मला अंथरत. मोठमोठी माणसं वाकून माझ्यावर डोकं टेकवत. मला वाटायचं, देव देव म्हणतात तो मीच!

मग एका जागरणात दिवटीची ठिणगी पडली आणि मला भोक पडलं. भोकाची घोंगडी देवाला चालत नाही. नागनाथरावांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, मला मागच्या पडवीत खुंटीवर टांगलं. त्या दिवसापासून मी बाजूला बसणाऱ्या बायकांची झाले. पाळी आली की घरातली बाई चार दिवस पडवीत माझ्यावर बसे. तिला कोणी शिवत नसे, भाकरीसुद्धा वरून टाकत. लेकरांना सांगत, आईला कावळा शिवलाय. एरवी मी एकटीच लोंबकळत असे. चुकून कोणाचा पदर मला लागला तर त्या बाईला आंघोळ करावी लागे.

लोकर तीच होती. देवाचं मला काही कळत नाही. पण पवित्र काय नि विटाळ काय, हे माणसंच ठरवतात, एवढं मी स्वतःच्या अंगावरून शिकले.

त्या फाल्गुनात गावात हरिनाम सप्ताह बसला होता. नागनाथराव सप्ताहाचे पुढारी. मारुतीसमोर भर रस्त्यावर मांडव घातलेला, आणि पूर्णा गावाला जाणारी सकाळची एकुलती एक मोटार मांडवाच्या पलीकडे थांबायची. नागनाथरावांची थोरली लेक मनकर्णा दहावीला होती. पूर्णेला तिचा गणिताचा पेपर होता आणि त्याच पहाटे ती माझ्यावर येऊन बसली.

"आबा, मी जाऊ का?" तिने पडवीतूनच वडिलांना विचारलं.

"मांडवातून? याड लागलंय का तुला? सात दिवस अखंड वीणा चालूय. पेपर पुढल्या साली दे."

पुढलं साल येणार नव्हतं. वैशाखात तिचं लग्न उरकायचं ठरलं होतं. पेपर हुकला की शाळा संपली, हे तिलाही ठाऊक होतं. लक्ष्मीबाई चुलीपुढे मान खाली घालून बसल्या. मनकर्णा रडत नव्हती. नुसती माझी लोकर उपटत होती.

घरात आणखी एक बाई होती, नागनाथरावांची थोरली बहीण चांगुणाबाई. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. मंगलकार्यात तिलाही कोपराच. नागनाथराव मांडवाकडे गेले तशी ती पडवीत आली आणि तिने बेधडक मला उचललं.

"आत्या, शिवू नको मला!"

"गप बस. ऊठ." तिने मला मनकर्णाच्या डोक्यावरून गुडघ्यापर्यंत पांघरलं. "ही घोंगडी काय हाय, ते आख्ख्या गावाला ठावं हाय. चल म्होरं. बघू कोण आडवतंय."

आणि आम्ही निघालो. पुढे आत्या, मागे मी आणि माझ्या आत मनकर्णा.

"सरका, सरका! घोंगडी यायलीय!" आत्या ओरडली.

मित्रांनो, काय पळापळ झाली! टाळकरी टाळ घेऊन पारावर चढले. विणेकऱ्याला वीणा खाली ठेवता येत नाही, तो बिचारा वीणेसकट देवळात पळाला. मधे एकटे नागनाथराव उभे राहिले. त्यांनी लेकीला धरायला हात पुढे केला. पण शिवलं तर सप्ताहातून उठावं लागणार. तो हात तसाच हवेत राहिला.

"आक्का, घराण्याचं नाव बुडवायलीस!"

"धर की मग तिला, नागनाथा. लेक हाय तुजी. धर!"

त्यांनी हात मागे घेतला. मनकर्णा मोटारीत चढली.

मोटारीत तिच्या शेजारी कोणी बसेना. बौद्धवाड्यातली कस्तुराबाई मागून आली आणि टेकायला लागली.

"मावशी, मी बाजूला बसलेय. शिवू नका," मनकर्णा पुटपुटली.

कस्तुराबाई हसली. "आगं, तुज्या गल्लीतले आजवर आमालाच शिवंनात. आन् आज तू मलाच सांगायलीस व्हय? सरक तिकडं." आणि ती चांगली ऐसपैस बसली. तिची मांडी माझ्या लोकरीला लागली. किती वर्षांनी मला बाहेरच्या माणसाची ऊब लागली!

पेपर झाला, आणि मी पुन्हा पडवीतल्या खुंटीवर आले. मनकर्णा काठावर पास झाली. मांडवात जे घडलं त्यामुळे ठरलेलं लग्न मोडलं. पुढे ती परभणीला नर्सिंग शिकली, दवाखान्यात लागली. गावी क्वचितच येते. नागनाथरावांचं पुढारपण गेलं आणि बहिणीशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत. चांगुणाबाईला शेतातल्या खोपटात राहावं लागलं. तिथेच ती एकटी वारली. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा कस्तुराबाईने साखर वाटली. आमच्या दारातही ती आली. कोणी घेतली नाही. आत्या असती तर तिने घेतली असती. लक्ष्मीबाईंची पाळी कधीच थांबलेली, आता त्यांना देवघर मोकळं. पण धाकट्या लेकाची बायको घरात आली तेव्हा खुंटीवरून मला काढून तिच्या हातात त्यांनीच दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. पडवीतल्या त्या सुनेला घरात बोलवा आणि मला पुढच्या दारात पाय पुसायला टाका. झिजून जाईन, जाऊ दे. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय मला लागेल.