टिपूस

"दगड आहे दगड! नवरा गेला, अन् हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही!"

नणंदेचा तो आवाज चार वर्षांपूर्वीचा, इस्पितळाच्या व्हरांड्यातला. पण कोटांना काजं करणाऱ्या या बाईच्या कानात तो अजून ओल्या जखमेसारखा होता. तेव्हा तिनं उलट शब्द काढला नव्हता. काढणार कसा? महिनाभर आधीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "अश्रूंच्या ग्रंथी आटल्यात तुमच्या. लाळेच्यासुद्धा. औषधाचे थेंब घालत राहायचं, दुसरं काय!" हे बाहेर फुटलं असतं तर शिंपीमास्तरांनी तिच्या हातची सुई काढून घेतली असती. अधू डोळ्यांच्या हाती कोट कोण देतो?

मग तिनं सगळं गिळलं. डोळ्यांत वाळू, जिभेवर वाळू. बाकीच्या बायका दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवत. ही बाटलीच्या बुचात पाणी घेऊन त्यात बुडवी. "राणीसरकारांना थुंकी चालत नाही," म्हणून त्या हसत. हसोत बापड्या!

आज नणंद लेकाचा कोट न्यायला दुकानात आली. बाई पडद्याआड थेंब घालत होती. मास्तरांनी हाक मारली, तशी घाईनं बाहेर आली. औषध गालांवरून ओघळत होतं.

नणंद बघतच राहिली. पिशवी खाली ठेवून तिनं भावजयीचे खांदे धरले.

"फुटलीस गं बाई एकदाची! भाच्याचा कोट करताना मामा आठवला ना त्याचा? रड, रड. माझ्या मनातली अढी गेली बघ."

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. नणंदही आपली झाली असती, सुईही हातात राहिली असती. बाईनं हाताच्या पाठीनं गाल पुसले.

"हे रडणं नाही, वन्सं. औषध आहे. डोळे आटलेत माझे."

मास्तरांची कात्री कापडातच थांबली. "डोळे? कधीपासून?"

"चार वर्षं झाली." तिनं भाच्याचा कोट त्यांच्यापुढे पसरला. "एवढ्या दिवसांतलं माझं एक काज वाकडं दाखवा, मास्तर. आत्ता सुई ठेवते. नाहीतर माझी जागा माझी."

मास्तरांनी कोट उजेडात धरला. एकेका काजावरून नख फिरवलं. मग तो नणंदेच्या हाती दिला आणि दुसरा बाईच्या स्टुलावर टाकला.

"हा उद्या पाहिजे. आणि थेंब पडद्याआड कशाला? चोरी केलीस का?"

नणंद कोट छातीशी धरून तशीच उभी. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस गं? मी काय काय बोलले तुला!"

बाई स्टुलावर बसली. नवा कोट मांडीवर घेतला.

"रडत होते हो मी, वन्सं. तुमच्याइतकीच. नुसतं पाणी येत नव्हतं."