क्लिफ गारसाइडवरचे हल्ले

क्लिफ गारसाइडला पहिली वीट लागली तेव्हा मी त्याच्या मागं चार हातांवर उभा होतो. बहात्तर सालचा ऑक्टोबर, शनिवारची दुपार, ब्रॅकनशॉचा बाजारचौक. आमच्या सूतगिरणीच्या तीन पाळ्यांपैकी दोन बंद पडल्या होत्या. उरलेल्या पाळीत बरेचसे पाकिस्तानातून आलेले लोक होते. हे असं का झालं, ते क्लिफ सफरचंदांच्या खोक्यावर चढून सांगत होता. गाव त्याला ओळखत होतं, पण खाटीक म्हणून. रक्ताची सॉसेजं त्याच्यासारखी कुणाला जमत नसत. मी त्याच्याच दुकानात हाडं तोडायला होतो. माणूस बोलायला मोठा गोड. म्हाताऱ्या बायका पावभर खिमा घ्यायला यायच्या आणि अर्धा तास हलायच्या नाहीत.

वीट कुणी मारली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती भुवईच्या वर बसली आणि कातडी फाटून डोळ्यावर लोंबायला लागली. मला वाटलं, आता हा कोसळणार. पण त्यानं खिशातला रुमालसुद्धा काढला नाही. रक्त डोळ्यात, दातांवर, पांढऱ्या शर्टावर, आणि हा बोलतोच आहे.

"बघा! माझ्या बापाच्या गावात खरं बोललं की हे मिळतं!"

तोवर ऐकायला चाळीसेक टाळकी होती. पाच मिनिटांत चौक भरला. माझ्या शेजारची बाई रडायला लागली. सोमवारी त्याचा रक्तानं माखलेला फोटो पेपरात आला आणि दुकानापुढची रांग पार पोस्टापर्यंत गेली.

त्या दिवशी त्याची बायको डोरीन टाके घालायला डॉक्टरकडे चल म्हणत होती. हा आपला मांस कापायच्या ठोकळ्यावर बसून हसतोय.

"वॉल्ट, कसे बघत होते रे ते माझ्याकडे!"

"आधी डॉक्टरकडे चल."

"डॉक्टर गेला खड्ड्यात. माझ्या दहा भाषणांनी जे झालं नसतं ते एका विटेनं केलं."

महिन्याभरात मँचेस्टरहून किंग्डम लीगची, म्हणजे बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाची, माणसं आली आणि त्यांनी क्लिफला आमच्या भागाचा पुढारी केलं. मी त्याच्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या झालो. चोवीस जण होतो आम्ही. कुदळींचे दांडे काढून कोटाखाली ठेवायचो. आज मी साठी ओलांडली आहे, खोटं कशाला बोलू? मला ते आवडायचं. सभेत कुणी ओरडलं की आम्ही त्याला दोन्ही काखांत धरून बाहेर न्यायचो आणि गल्लीत बुकलून काढायचो. त्यानंतर भूक मोठी छान लागायची.

चौऱ्याहत्तरच्या वसंतात नगरपालिकेची निवडणूक लागली. मतदान गुरुवारी होतं. सोमवारी क्लिफनं मला दुकानामागच्या थंड खोलीत बोलावलं. डुकरं टांगलेली होती, त्यांच्यामध्ये तो उभा.

"वॉल्ट, आपण पडतोय. शेसव्वाशे मतं कमी आहेत."

"मग?"

"मग तू माझं तोंड फोडायचं."

मी हसलो. तो हसला नाही.

"उद्या सकाळी, कालव्याच्या वाटेवर. तिघं होते म्हणून सांगेन. तिघंही काळे."

"क्लिफ, मला नाही जमायचं."

"बैलाच्या टाळक्यात हातोडा घालतोस तेव्हा जमतं, आणि इथं हात लुळा पडतो होय रे? बाटली आण. आणि नीट मार, लाजत मारू नकोस."

मी मारली. पहिल्या फटक्याला बाटली फुटलीच नाही, तो नुसता गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "पुन्हा." दुसऱ्यांदा कान चिरला आणि गालातून एक काच दातापर्यंत गेली. तो चिखलात पडला होता आणि हातानं मला जा, जा अशी खूण करत होता. मी कालव्यात बाटलीचा गळा टाकला आणि कामावर जाऊन खाटकाचा पांढरा कोट चढवला.

पोलिसांनी पाकिस्तानी वस्तीतल्या, कॅनाल स्ट्रीटवरच्या चौघांना उचललं आणि दोन दिवसांनी सोडून दिलं. पण तेवढ्यात गुरुवार उलटून गेला होता. क्लिफ तीनशे मतांनी निवडून आला. नगरसेवक गारसाइड! लोक दुकानात त्याला 'साहेब' म्हणायला लागले.

मी मात्र त्याच्यासाठी जे सगळ्यात वाईट केलं ते पुढं, सत्त्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये. लीगचा मोर्चा गिरणीवरून जाणार होता. गिरणी कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी अर्नेस्ट होलरॉइड शंभरेक माणसं घेऊन रस्ता अडवून उभा राहिला. होलरॉइड आमच्या गल्लीतला, आमच्यापासून चौथं घर. माझा बाप गेला तेव्हा शवपेटीला पुढून खांदा त्यानं दिला होता. क्लिफ मोटारीच्या टपावरून ओरडला, "रस्ता मोकळा करा!" आम्ही आत घुसलो. दगड, बाटल्या, घोड्यांवरचे पोलीस. होलरॉइड हात पसरून माझ्यापुढं आला.

"वॉल्टर, अरे शहाणा हो. घरी जा."

त्यानं मला लहान पोरासारखं समजावलं, त्यामुळेच माझं डोकं फिरलं. मी दांडा आडवा फिरवला. आवाज ओल्या लाकडासारखा आला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा धरून म्हणाला, "दिसत नाही. मला दिसत नाही." मी अजून एक मारला. त्याचा डावा डोळा कायमचा गेला.

कोर्टात क्लिफ साक्षीला आला, नवा राखाडी सूट घालून. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. म्हणाला, "एंटविसल हा माझ्या दुकानातला नोकर. त्याचा स्वभाव तापट आहे. आमचा पक्ष हिंसेचा धिक्कार करतो." मला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात मी रोज रात्री त्याला मनातल्या मनात मारायचो आणि सकाळी उठून पुन्हा त्याचीच बाजू घेऊन भांडायचो. माणूस असा असतो, काय सांगू.

ऐंशीच्या हिवाळ्यात सुटलो. त्यानं मला लगेच कामावर घेतलं. मला वाटलं, लाज वाटली असेल. दोन आठवड्यांत खरं कारण कळलं. त्याला पहारा हवा होता. लीगमध्ये आता टेरी स्केलहॉर्न नावाचा गॅरेजवाला पुढं आला होता. तिशीचा, टक्कल केलेला. त्याच्यापुढं आम्ही जुने लोक चर्चमधले गायक वाटायचो. आणि क्लिफला लीग नकोशी झाली होती. काउंटी युनियन नावाचा एक सुटाबुटातला पक्ष त्याला संसदेच्या पोटनिवडणुकीची उमेदवारी द्यायला तयार होता. अट एकच, लीगला जाहीरपणे शिव्या द्यायच्या. त्यानं दिल्या. पेपरात म्हणाला, "स्केलहॉर्नसारखे गुंड म्हणजे या देशाला लागलेला कलंक."

तो अंक आला गुरुवारी. शुक्रवारी चार वाजता आम्ही दुकान आवरत होतो, तेव्हा स्केलहॉर्न आणि आणखी तिघं आत आले. शेवटच्यानं दाराची पाटी उलटी केली आणि कडी घातली.

"गुंडांना दोन पौंड सॉसेज मिळतील का, साहेब?" स्केलहॉर्न म्हणाला.

"टेरी, बाहेर बसून बोलू."

"तुझं बोलणं आम्ही आठ वर्षं ऐकलं."

त्यानं क्लिफला केसांनी धरून ठोकळ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. नाक मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी मागच्या खोलीच्या दारात होतो, हातात हाडं तोडायचा सुरा. एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "तू यात पडू नकोस, वॉल्ट. तुझंही येणं आहेच की याच्याकडे." आणि मी थांबलो. खरंच थांबलो. त्यांनी क्लिफला जमिनीवर लोळवलं, बुटांनी बरगड्या मोडल्या. मग स्केलहॉर्ननं मांस टांगायचा आकडा उचलला आणि क्लिफचा उजवा तळहात ठोकळ्यावर दाबून त्यात आरपार घातला. क्लिफनं जी किंकाळी फोडली तशी मी जनावराचीसुद्धा ऐकली नव्हती. तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी पहिल्याच्या खांद्यात सुरा घातला. मोठी झटापट झाली, काउंटरची काच फुटली आणि ते मागच्या दारानं पळाले.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी क्लिफचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तोंडात रक्ताचे बुडबुडे. काहीतरी म्हणत होता. मी कान जवळ नेला.

"आशियाई होते," तो म्हणाला. "चौघं. ऐकतोयस ना? तूही तेच सांग."

"क्लिफ, टेरी होता तो."

"टेरीचं नाव घेतलं तर जुनं सगळं बाहेर येईल. बाटलीचंसुद्धा. तू परत आत जाशील." त्यानं डाव्या हातानं माझी कॉलर धरली. "पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, वॉल्ट."

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी मागं होतो, चेहरे पाहिले नाहीत. सुऱ्याचं रक्त मी धुऊन टाकलं होतं. शनिवारी पेपरात बातमी आली, खाटकाच्या हातात आकडा घुसवला, आशियाई टोळीवर संशय. मी घरीच बसलो. डोरीन दवाखान्यातून येऊन म्हणाली, "वॉल्ट, खरं काय झालं?" मी तिलाही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी दोनशे माणसं कॅनाल स्ट्रीटवर गेली. पबमधून सरळ निघाली होती. त्यांच्यात स्केलहॉर्नही होता, हे मला नंतर कळलं. ज्याला स्वतः मारलं त्याच्या नावानं घोषणा देत होता! सतरा नंबरच्या घरात फजल करीम राहायचा, गिरणीत सूत कातणारा. त्याच्या दारातल्या टपालाच्या फटीतून पेट्रोल ओतलं. फजलनं बायको-मुलांना मागच्या भिंतीवरून उतरवलं. त्याचा भाऊ याकूब वर झोपला होता, रात्रपाळी करून. जिना पेटला होता. लोक खिडकीखाली उभे राहून त्याला "उडी मार" म्हणत होते, आणि तो खिडकीत आला की विटा मारत होते.

मी धूर पाहून पळत गेलो तोवर बंबवाल्यांनी याकूबला रस्त्यावर चादरीखाली ठेवलं होतं. पाय बाहेर होते. मी त्या पायांकडे पाहिलं आणि तिथून चालत सरळ पोलीस ठाण्यात गेलो. वीट सोडून बाकी सगळं सांगितलं. ती कुणाची ते मला ठाऊकच नव्हतं. बाटली, टेरी, आकडा, माझा सुरा, माझं खोटं. लिहून घेणाऱ्या सार्जंटनं मध्येच पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "हे तू शुक्रवारी का नाही बोललास?"

खटला वसंतात उभा राहिला. क्लिफचा वकील माझ्याभोवती घिरट्या घालत होता.

"मिस्टर एंटविसल, माझ्या अशिलाच्या साक्षीमुळे तुम्ही साडेतीन वर्षं तुरुंगात होता. तुम्ही सूड घेताय."

"घेत असेन," मी म्हणालो. "त्यामुळे मारणारी माणसं बदलत नाहीत."

क्लिफ पिंजऱ्यात बसला होता, हाताला पट्टी. या वेळी मात्र तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, एखादा भाग्यवान माणूस दुसऱ्याचा मूर्खपणा बघतो तसा. त्याला खोटी साक्ष आणि पोलिसांची दिशाभूल यासाठी अठरा महिने झाले. स्केलहॉर्नला हल्ला आणि आग दोन्हींसाठी अकरा वर्षं. मला माझ्या खोट्यासाठी सहा महिने झाले, ते मी मुकाट भोगले.

सुटलो त्या आठवड्यात स्केलहॉर्नच्या माणसांनी मला बसथांब्यावर गाठलं. उजव्या हाताची चारही बोटं फुटपाथच्या कडेवर ठेवून एकेक मोडली. त्यानंतर मला हाडं तोडायचं काम कधी जमलं नाही.

दवाखान्यातून येताना एकदा फजल करीम समोर आला. मी थांबलो.

"तुमच्यामुळे त्यांना शिक्षा झाली," तो म्हणाला. "लोक मला म्हणतात, जाऊन आभार मान."

"नको, नको."

"मानणारही नाही. शुक्रवार, शनिवार. दोन दिवस होते तुमच्याकडे." मग तो माझ्या प्लॅस्टरकडे पाहून म्हणाला, "हात छातीशी धरून ठेवा, खाली सोडला की सूज येते." आणि गेला.

क्लिफ तुरुंगातून सुटून समुद्रकाठच्या एका गावी गेला आणि त्र्याऐंशीत तिथून अपक्ष उभा राहिला. त्याच्या पत्रकावर भोक पडलेल्या तळहाताचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'मी तुमच्यासाठी सोसलं.' एकोणीसशे मतं पडली. हरला, पण एकोणीसशे माणसांनी ते वाचून मत दिलं होतं. पुढं आणखी दोनदा उभा राहिला, दर वेळी मतं थोडी वाढली. चौऱ्याण्णवला हृदयविकाराच्या झटक्यानं गेला.

अंत्यविधीला मी गेलो नाही. महिन्याभरानं डोरीन माझ्याकडे आली. खूप थकली होती. मी डाव्या हातानं चहा केला.

"शेवटच्या दिवसांत रोज मला ती गोष्ट सांगायचा," ती म्हणाली. "चौघं आत कसे आले, कोणती भाषा बोलत होते, एकाच्या डोक्याला कापड कसं गुंडाळलं होतं. मी म्हणायची, क्लिफ, आता तरी पुरे कर, इथं मी एकटीच आहे. तर माझा हात धरून रडायचा. म्हणायचा, तूसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस?"

"ढोंगी होता तो, डोरीन."

"नाही रे वॉल्ट," ती म्हणाली. "त्याला खरंच दिसत होते ते."