कुणालाच न मिळालेली ट्रॉफी

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉफी आहे. दरवर्षी मला पन्नास-साठ जणांच्या हातात देतात, आणि तरीही मी आजवर कुणालाच मिळालेली नाही. बुचकळ्यात पडू नका, सांगते.

एका मराठी वाहिनीवर संध्याकाळी ज्या मालिका लागतात, त्यांतल्या कलाकारांचा वर्षातून एकदा पुण्यात मोठा गौरव होतो. 'सांजवात पुरस्कार' म्हणतात त्याला. नाव पुकारलं की एखादी नटी तोंडावर हात ठेवते, शेजारणीला मिठी मारते, पदर सावरत मंचावर येते आणि तिच्या हातात एक चकाकती वस्तू दिली जाते. ती वस्तू मी. प्रत्येक वेळी मीच. विजेता माझ्यासकट मंचावरून उतरला की विंगेच्या अंधारात कुणीतरी मला त्याच्याकडून काढून घेतं, मागच्या बाजूने पळत नेतं आणि पुढच्या नावासाठी पुन्हा तबकात ठेवतं. विजेत्यांच्या ट्रॉफ्या नंतर कुरिअरने घरी जातात. त्या फायबरच्या असतात, वरून सोनेरी रंग दिलेल्या.

मी मात्र अस्सल पितळेची. कसबा पेठेतल्या तांबट आळीत धोंडिबा नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्र्याला ज्योतीचा आकार देऊन त्याने माझ्या अंगावर हातोडीचे इतके ठोके मारले, की दिवा कुठूनही आला तरी मी लखलखते. वाहिनीच्या लोकांना सगळ्याच ट्रॉफ्या अशा करून हव्या होत्या, पण भाव ऐकल्यावर त्यांची हौस एकीवरच भागली. मला फडक्यात गुंडाळून देताना धोंडिबा म्हणाला, "जा पोरी, चांगल्या घरी पड." माझ्या नशिबी घर नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली काही वर्षं मला फार गंमत वाटायची. माझ्यावर फुलं उधळली जायची, लोक माझे मुके घ्यायचे, मला उंच धरून रडायचे. पुढे पुढे मला हात ओळखता येऊ लागले. ज्यांना आधीच कळवलेलं असतं त्यांचे हात कोरडे असतात, आणि बहुतेकांना आधीच कळवलेलं असतं. या पुरस्कारांची रीतच तशी आहे. जातीने हजर राहणार असाल तर पुरस्कार तुमचा, नाही तर जो येईल त्याचा. सोहळा संपला की मी थर्माकोलच्या खोक्यात जाते आणि वर्षभर कपाटात पडून राहते. अंगावर काळपट डाग चढतात. मग कुणीतरी घाईघाईने फवारा मारून मला पुसतं.

चिंच-मीठ लावून मला घासणारी एकच मुलगी आली, नम्रता. ती विदर्भातून शिकायला म्हणून पुण्यात आली आणि मग अशा कार्यक्रमांच्या धावपळीच्या कामात शिरली. कानात यंत्र, गळ्यात ओळखपत्र, आणि विंगेत विजेत्यांकडून मला परत घेणं हे तिचं काम. ते ती फार हळुवारपणे करायची. आधी अभिनंदन म्हणायची आणि मग हात पुढे करायची. मला ती आवडायची. पुढचं सांगताना हे आठवणीत ठेवा, कारण वाईट गोष्टी नेहमी वाईट माणसंच करतात असं नाही.

त्या वर्षी ज्येष्ठ अभिनेत्रीचा पुरस्कार वासंतीताईंना होता. आठच्या मालिकेतली आजी म्हणून तुम्हीही त्यांना ओळखाल. उभा जन्म त्यांनी नाटकांतून आणि मालिकांतून कुणाची आई, कुणाची मावशी होण्यात घालवला होता. त्यांना मिळालेला हा पहिलाच पुरस्कार. सोहळा दुपारी सुरू होणार होता. रंगभूषेच्या खोलीत आरशापुढे बसून त्या नम्रताशी बोलत होत्या. मी तिथेच टेबलावर होते.

त्यांचे यजमान रंगनाथ वाघोलीच्या घरी अंथरुणाला खिळले होते. फुप्फुसं निकामी झाली होती. दवाखान्याने आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आणि सोबतीला मुलगी उत्कर्षा. अशात पुरस्काराला कशी जाऊ, म्हणून वासंतीताईंनी आधी नकारच कळवला होता. वाहिनीने नम्रपणे सांगितलं, हरकत नाही, मग दुसऱ्या ताईंना देतो. ते रंगनाथांच्या कानावर गेलं. बोलताना धाप लागायची, पण जिभेची धार काही गेली नव्हती. म्हणाले, "चाळीस वर्षं मी एकटाच तुला सहन करतोय. आता जरा इतरांनाही कौतुक करू दे. जा, आणि येताना ते काय देतात ते घेऊन ये. मला हातात धरून बघायचंय." संध्याकाळच्या आत घेऊन येते, असा शब्द देऊन त्या निघाल्या होत्या.

ट्रॉफी हातोहात मिळत नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नम्रताने ते सांगितलं तेव्हा आरशातला त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग त्याच नम्रताला धीर देत म्हणाल्या, असू दे, फोटो दाखवीन. चित्रीकरणात वाजायला नको म्हणून सगळ्यांचे फोन काढून घेत होते. आपला फोन नम्रताच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "बाळा, दुसऱ्या कुणाचाही आला तरी घेऊ नकोस. उत्कर्षाचा आला तर मात्र मी कुठेही असले तरी येऊन सांग. मंचावर असले तरी सांग." नम्रताने मान हलवून कबूल केलं.

वासंतीताईंचं नाव लवकरच पुकारलं गेलं. पुरस्कार द्यायला नऊच्या मालिकेचा नायक आमोद यायचा होता, पण तो वाटेतच अडकला होता. म्हणून एका मसालेवाल्या प्रायोजकाने मला त्यांच्या हातात दिलं. आधीच कळवलेलं असूनही त्यांचे हात ओले होते. भाषण त्यांनी पाठ केलं नव्हतं. म्हणाल्या, "घरी एक माणूस आहे. तो माझं सगळं काम बघतो आणि चांगलं म्हणून कधी म्हणत नाही. आज म्हणाला, जा. हे त्याचं आहे." सभागृहात खऱ्या टाळ्या पडल्या. मित्रांनो, मला खऱ्या आणि सांगून वाजवलेल्या टाळ्यांतला फरक कळतो. त्या टाळ्या ऐकताना मला पहिल्यांदाच वाटलं, आपण कुणाला तरी मिळालो.

खाली उतरल्यावर त्या निघणारच होत्या. पण कार्यक्रमाचा प्रमुख गंधार लगबगीने आला. आमोद पोचला होता आणि गंधारला एक कल्पना सुचली होती. तरुण नायक आजीच्या पाया पडून तिला पुरस्कार देतो, असं दृश्य जाहिरातीत फार छान दिसलं असतं. ताई, एकदाच पुन्हा वर या, पाच मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. वासंतीताईंनी घरचं सांगून पाहिलं. पण मोठ्या वाहिनीला नाही म्हणायची सवय या कलाकार मंडळींना नसते. नाही म्हणणाऱ्या आजीला मालिकेत चटकन हार्ट अटॅक येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या खुर्चीवर बसून राहिल्या.

तेवढ्यात फोन थरथरला. मी नम्रताच्या एका हातात होते आणि फोन दुसऱ्यात. उत्कर्षाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. बाबांचा श्वास वेगळाच लागलाय, ते आईला विचारताहेत, तिला आत्ताच्या आत्ता पाठवा. लगेच सांगते, असं म्हणून नम्रता धावली, आणि वाटेत गंधारने तिला अडवलं. काय झालं ते ऐकून त्याचाही चेहरा गंभीर झाला. त्याने मागे प्रकाशात उभ्या असलेल्या आमोदकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आत्ता सांगितलंस तर त्या उभ्या तरी राहतील का? एवढा शॉट होऊ दे. मग मी स्वतः गाडी देतो. दहा मिनिटांनी काय फरक पडतो?"

नम्रताने फोन खिशात ठेवला. तिची नोकरी त्याच्या हातात होती आणि दहा मिनिटं हा शब्द तसा लहानच होता.

वर चढण्यापूर्वी वासंतीताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि अंगठा कानाशी नेऊन खुणेनेच विचारलं, घरून काही?

नम्रताने मान हलवली. नाही.

मी तिच्याच हातात होते, मित्रांनो. धोंडिबाने मला सगळं दिलं, पण तोंड दिलं नाही. त्या क्षणी मला त्याचा फार राग आला.

दहा मिनिटं दहाच राहत नाहीत. आमोदच्या चेहऱ्यावरचा घाम टिपायचा होता. पहिल्यांदा तो वाकला तेव्हा त्याचं उपरणं घसरलं. दुसऱ्यांदा तो चुकीच्या बाजूने वाकला आणि कॅमेऱ्याला त्याची फक्त पाठ दिसली. मग गंधार म्हणाला, ताई, घरचं वगैरे राहू दे आता, मायबाप प्रेक्षकांचे आभार माना आणि छान मोकळं हसा. वासंतीताई छान मोकळं हसल्या. त्यांना काम येत होतं. प्रत्येक वेळी त्यांनी मला छातीशी धरलं, आणि प्रत्येक वेळी फोन नम्रताच्या खिशात थरथरून थांबला. पुढे तो थरथरायचाच थांबला.

शेवटी नम्रताने त्यांना सांगितलं, पण एवढंच, की घरून फोन होता, लवकर बोलावलंय. गंधारने शब्दाप्रमाणे गाडी दिली. नम्रता सोबत निघाली, आणि पुढची नावं अजून पुकारायची असतानाही तिने मला कुणालाही न विचारता ओढणीखाली घेतलं. गाडीत बसल्यावर तिने मला वासंतीताईंच्या मांडीवर ठेवलं. त्या इतक्या हरखल्या, की तिचा रडवेला चेहरा त्यांना दिसलाच नाही. नम्रताने उत्कर्षाला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून ती फक्त "आई, ये" म्हणाली.

अख्खं शहर ओलांडून जायचं होतं. नगर रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. वासंतीताई पदराने मला पुसत होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या. बघा म्हणावं, आणलंय. आता तरी चांगलं म्हणा. मध्येच खिडकीतून पुढची गर्दी बघायच्या आणि देवाचं नाव घ्यायच्या.

घराचं दार उघडंच होतं. आत यंत्राचा आवाज नव्हता. शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि रंगनाथांना जमिनीवर निजवलं होतं. वासंतीताई भरजरी साडीत, तोंडावर रंग तसाच, मला हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग उत्कर्षा उठून आली आणि आईला बिलगून रडता रडता म्हणाली, "किती वेळ दाराकडे बघत होते गं. मी त्यांना सांगत होते, निरोप पोचलाय, निघाली असेल."

वासंतीताईंनी वळून नम्रताकडे पाहिलं. विचारलं, "फोन कधी आला होता?"

नम्रता खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांदा वर जायच्या आधी."

वासंतीताईंनी जमिनीवरच्या रंगनाथांकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, जणू कामाचंच काही विचारताहेत, तशा म्हणाल्या, "म्हणजे मी हसत होते तेव्हा ते..." पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. त्यांनी मला नम्रताच्या हातात परत दिलं. रंगनाथांच्या हाताला त्यांनी मला लावलंही नाही. खाली बसल्या आणि पदराने खसाखसा तोंडावरचा रंग पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी कपाटात परत आले. नम्रताला कामावरून काढलं. ट्रॉफी परवानगीशिवाय बाहेर नेली, हे कारण दिलं. निरोप दाबल्याबद्दल कुणालाच कुणी काही बोललं नाही.

सोहळा काही आठवड्यांनी दाखवला. कार्यालयातला दूरदर्शन संच माझ्या कपाटासमोरच आहे आणि त्या दिवशी दार अर्धवट उघडं होतं. आमोद वाकला, संगीत वाजलं, वासंतीताई मला छातीशी धरून हसल्या. घरी एक माणूस आहे, हे वाक्य कुठेच नव्हतं. त्या वाक्याला पडलेल्या टाळ्या मात्र काढून या हसण्यामागे लावल्या होत्या. मी त्या लगेच ओळखल्या. खोलीतले लोक म्हणत होते, काय गोड हसतात ना आजी.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसा, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मी पितळ आहे, काळी पडले तरी चिंचेने उजळेन. तुम्ही मोठे व्हाल, मोठमोठ्या कार्यक्रमांत धावपळ कराल. तिथे कधीतरी कुणाच्या तरी घरून निरोप येईल. कुणीतरी मोठा माणूस तुम्हाला सांगेल, थांब, एवढं होऊ दे. त्याचं ऐकू नका. जा, आणि आधी सांगा. टाळ्या पुन्हा वाजवून घेता येतात.