उलटी बसलेली काच

"अहो, श्वास रोखू नका! फोटोत तोंड फुगलेलं दिसेल!"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या अंगावरचं काळं कातडं अजून कोरं करकरीत होतं. बोलणारे माझे मालक होते. तेव्हा ते तरुण होते. समोर एक नवं जोडपं काठीसारखं ताठ बसलं होतं. मालकांचं बोलणं ऐकून दोघं खुदकन हसले आणि त्याच क्षणी मालकांनी माझी कळ दाबली. खट्!

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोल घालून चालणारा, वजनाला जड आणि आवाजाला मोठा. कारखान्यात एकाने माझं धातूचं अंग घडवलं, दुसऱ्याने भिंग घासलं आणि शेवटी एका बाईने माझ्या आत काळ्या फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. एक पट्टी पाठीमागच्या दाराच्या खाचेत, उजेड आत झिरपू नये म्हणून. दुसरी आरशाच्या वर. कळ दाबली की माझा आरसा झटकन वर उडतो, तेव्हा त्याला टेकायला ती उशी. धातू दिसतो, भिंग चमकतं, फोमकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. अंधार राखायचा, मार सोसायचा आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं जगणं.

आरशाच्या वर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक काच असते. तिची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत. खरखरीत बाजू खाली, आरशाकडे हवी. समोरचं चित्र तिच्यावर उमटतं आणि माझ्या मागच्या, डोळा लावायच्या छोट्या खिडकीतून ते स्पष्ट दिसलं की फोटोही स्पष्ट येतो. ही काच लक्षात ठेवा.

मालकांचा छोटा स्टुडिओ होता. निळा पडदा, एक स्टूल आणि केस सारखे करायला आरसा. "तुमच्या फोटोतली माणसं आता बोलतील असं वाटतं," लोक म्हणत. मालक लाजत आणि माझ्यावर फुंकर मारत. त्या फुंकरीत मला न्हायल्यासारखं वाटे.

पण फोमचं आयुष्य थोडं. उन्हाळे आले, दमट दिवस आले आणि आरशावरची उशी वितळू लागली. डांबरासारखी चिकट झाली. एका लग्नाच्या आदल्या दिवशी आरसा तिला चिकटून वरच अडकला. मालकांनी चिमट्याने चिकटा काढला. त्याचे डाग काचेवर पडले होते, म्हणून काचही काढली. मऊ कापडाने पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली आणि जागेवर बसवली.

उलटी.

मला कळलं होतं, आता चित्र काचेच्या जाडीएवढं वर उमटणार, काचेवर स्पष्ट आणि रोलवर पुसट. पण मित्रांनो, मला तोंड कुठे आहे? मला आहे तो एकच डोळा.

लग्नाचे फोटो धुऊन आले. नवरीचा चेहरा धुक्यात आणि मागच्या भिंतीवरची खुंटी मात्र स्पष्ट! नवरीची आई फोटो घेऊन रडत स्टुडिओत आली. पुढच्या रोलचं तेच झालं आणि त्याच्या पुढच्याचंही. मग एका दुपारी त्यांनी निळा पडदा उतरवला. "माझे डोळे गेले," ते लेकीला म्हणाले. डॉक्टरकडे जायला मात्र तयार होईनात. डॉक्टर 'हो' म्हणाला तर?

मी कपाटावर, जुन्या रजयांच्या ढिगामागे जाऊन पडलो. मालक घरात पेपर वाचत, सुईत दोरा ओवत. लेकीने माझ्या जागी नवा कॅमेरा घेतला आणि स्वतः फोटो काढू लागली. एकेक फोटो घेऊन ती त्यांच्यासमोर धरी.

"बाबा, कसा आलाय?"

"मला काय विचारतेस? मला दिसतं कुठे?"

"पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचता. माझेच फोटो बरे दिसत नाहीत!"

मालक मान फिरवत. पुढे पुढे लेकीने विचारणंच सोडलं. खाली त्या दोघांचं बोलणं आटत गेलं आणि वर माझ्या दारातला फोम भुसा होऊन गळत राहिला.

मग एक दिवस लेकीने मला खाली काढलं. "बाबा, कॅमेरा दुरुस्तीला नेतेय. तुम्ही पण चला."

"डोळ्यांची दुरुस्ती करतात का तिथे?"

"चला म्हणते ना!"

दुरुस्तीचं दुकान एका जिन्याखाली होतं. तिथल्या बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. हातात कायम चिमटा आणि बोलणंही चिमटे काढणारं. लेकीने माझ्याबरोबर त्या लग्नातला एक फोटोही पुढे केला.

चिमटाबाईंनी फोटो दिव्याखाली धरला. "नवरी पुसट आणि खुंटी ठणठणीत. सगळे असेच आले होते?"

"सगळे," मालक पुटपुटले.

"दर वेळी मागचंच स्पष्ट? काका, डोळे दगा देतात तेव्हा कधी इकडे चुकतात, कधी तिकडे. इतक्या शिस्तीत चुकतं ते यंत्र."

मालकांनी खुर्चीची कड घट्ट धरली. इतकी वर्षं ज्या उत्तराला ते घाबरत होते, ते आज मिळणार होतं.

आधी फोम. लाकडाच्या अणकुचीदार काडीने त्यांनी दाराच्या खाचेतला भुसा आणि आरशाच्या वरचा उरलेला चिकटा खरवडला. पुसायला स्पिरिट घेतलं. "आता कुणी शिंकायचं नाही," त्या म्हणाल्या. आरशाची चांदी वरच्याच अंगाला असते. बोट लागलं तर ठसा, घासलं तर चरा, आणि स्पिरिटचा थेंब काचेवर उडाला तर काच कायमची गेली. काडीच्या टोकावर थेंब लोंबत होता. पडतो की काय, पडतो की काय! चिमटाबाईंनी अलगद मनगट वळवलं आणि थेंब कापडावर पडला. नवा फोम कापून, जपून चिकटवून झाला.

मग त्यांनी मला स्टँडवर चढवलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. "ताई, तिथे उभी राहा. काका, तुम्ही हिच्या डोळ्यांवर फोकस करा."

मालकांचा हात माझ्या भिंगावर आला. किती वर्षांनी! चिमटाबाईंनी माझं पाठीमागचं दार उघडून रोलच्या जागी एक दुधी काच धरली, वर काळं फडकं घेतलं आणि कळ दाबून ठेवायला सांगितली. आता रोलला जे दिसलं असतं, ते त्यांना दिसणार होतं.

"पुसट," त्या म्हणाल्या.

मालक मागे सरले. "सांगत होतो ना? डोळेच गेलेत. चल घरी."

"बाबा, थांबा!"

"कशाला? आणखी काय ऐकायचं राहिलंय?" त्यांनी दाराची कडी काढली. आणि मी आतल्या आत ओरडत होतो, काच बघा, बाई, काच बघा!

चिमटाबाई दाराकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्यांनी माझं भिंग काढलं, आत वाकून पाहिलं. मग चिमट्याने काच खाली घेतली आणि दिव्यासमोर तिरकी धरली.

"काका, ही कुणी काढली होती?"

"मीच. पुसायला."

"छान पुसलीत हो. पण घातलीत पालथी!"

त्यांनी काच उलटवली, बसवली, भिंग परत चढवलं. क्लिक्. "या परत. कडी मागाहून लावा."

मालक आले. भिंग हळूहळू फिरवू लागले. थोडं पुढे, किंचित मागे. लेक खिडकीत उभी होती, दोन्ही हात एकमेकांत गुंफून. कळ दाबली. चिमटाबाई काळ्या फडक्याखाली शिरल्या त्या बाहेरच येईनात.

"अहो, बोला ना!" लेक म्हणाली.

"बोलते की. तुझ्या पापण्या मोजत होते. केस न् केस दिसतोय." त्या फडक्याबाहेर आल्या. "डोळ्यांना काय धाड भरलीय, काका?"

मित्रांनो, आम्हाला कपाटावर टाकू नका. आमच्यातलं मऊ, न दिसणारं जे असतं, तेच आधी झिजतं. बिघडलो तर उघडून बघा, कुणाला तरी दाखवा. न बघताच 'गेलं' म्हणू नका, आमच्याबद्दल नाही आणि स्वतःबद्दलही नाही.

चिमटाबाई हात धुवायला मागे गेल्या. मालकांचा डोळा अजून माझ्या मागच्या त्या छोट्या खिडकीलाच लावलेला होता. तिथून ते लेकीकडे पाहत होते. ती काहीच विचारत नव्हती. मालकांचं कुढणं, लपणं, सगळं आता उघड्यावर आलं होतं. 'मला दिसत नाही' म्हणायची सोय संपली होती.

"बाळा," मालक माझ्याआडून म्हणाले, "तुझे फोटो मला दिसत होते. सगळेच्या सगळे. फार सुंदर होते गं. माझ्या हातून तसे कधी निघाले नाहीत, म्हणून तोंडातून शब्द फुटत नव्हता."