सगळे तांबडे डबे पांढरे झाले ती दुपार

हे कोणी खरं मानणार नाही, आणि मानू नयेच. माझाही माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. पण एका दुपारी आमच्या रंगाच्या कारखान्यातले सगळे तांबडे डबे एका दमात पांढरे झाले. डबे सोडा, फाटकाशी उभी असलेली साहेबांची तांबडी गाडीसुद्धा पांढरी पडली.

"गाडी?" सूनबाईने लॅपटॉपवरून मान वर केली. ती माझ्यासारखीच प्रोग्रामर, त्यामुळे तिच्यासमोर थापा जपून माराव्या लागतात.

"बरं, गाडी राहू दे. डबे तरी घे."

आमचा साठ्याचा प्रोग्राम एका सोप्या भाषेतला. पण घाईची कामं उरकायला त्याच्या पोटात सी भाषेतला एक तुकडा बसवलेला. तो लिहिला टायवाल्याने. ऐन उन्हाळ्यात टाय घालणारा माणूस, मला पहिल्यापासूनच संशय. तुकडा मात्र वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. पुढे डबे वाढले आणि मेमरी तुडुंब भरली. का? तर प्रत्येक डब्यामागे 'तांबडा' ही स्ट्रिंग, म्हणजे तोच शब्द, पुन्हा नव्याने साठवलेला. म्हटलं, हा काय उधळेपणा! त्याच आठवड्यात मी त्या तुकड्यात युक्ती घातली: शब्दाची प्रत एकच, तीही गोठवलेली, म्हणजे कोणी बदलायची नाही अशी, आणि सगळ्या डब्यांनी तिच्याकडेच बोट दाखवायचं. मेमरी अशी मोकळी झाली की आत हाक मारली तर प्रतिध्वनी यायचा.

आणि मग ती दुपार. ऑर्डर विभागातल्या चष्मेवालीने एका गिऱ्हाइकाचा तांबडा डबा बदलून पांढरा केला. एकच हं! पण लेबलाच्या मशीनने जो दिसेल त्या तांबड्या डब्यावर 'पांढरा' छापायचा सपाटा लावला. कळेपर्यंत एका दवाखान्याच्या भिंती लालभडक रंगवून झाल्या होत्या.

साहेब गरजले, "संध्याकाळपर्यंत खरा गुन्हेगार सापडला नाही, तर चष्मेवाली घरी!"

तिच्या घरात कमावती ती एकटीच. रडली नाही, नुसता चष्मा पुसत बसली.

ऑफिसात जो तो दुसऱ्याच्या स्क्रीनकडे तिरका बघू लागला. अकाउंटंट तर पासवर्ड टाइप करताना कीबोर्डवर रुमाल पांघरायचा. मी कुंडीमागे दबा धरून टायवाल्यावर पाळत ठेवली. तो पाणी प्यायला उठला, की मी त्याचा तुकडा वाचायचो. आणि सापडली ती ओळ! शब्द बदलायचा तर जागच्या जागी खोडून त्यावरच लिही, असं त्यात होतं. गोठवलेल्या शब्दाला आमच्या त्या सोप्या भाषेतून हात लावला तर ती अंगावर येते. सी मात्र 'का रे बाबा' म्हणूनही विचारत नाही.

"टाय धरून त्याला साहेबांसमोर उभा केला! त्याची नोकरी गेली, चष्मेवालीची वाचली. पुढे उपकाराची जाण ठेवून तिने माझ्याशी लग्न केलं."

कोपऱ्यात विणत बसलेली चष्मेवाली, म्हणजे आमची ही, गालात हसली. "माझ्यासाठी कुंडीमागे बसले होते हो बिचारे. डास चावून चावून तोंड सुजलं होतं."

सूनबाई काही हसली नाही. तिने लॅपटॉप मिटला. "बाबा, टायवाल्याची ती ओळ कधीची?"

"पहिल्यापासूनची."

"आणि तेव्हा एक डबा बदलला की एकच बदलायचा?"

"हो तर, तेव्हा प्रत्येकाची प्रत वेगळी..." मला एकदम गाडी आठवली. "ती गाडी मात्र खरंच पांढरी पडली हं, साहेबांच्या ड्रायव्हरला विचार..."

"आई," सूनबाई म्हणाली, "ते विणकाम ठेवा बाजूला. तुमच्या नोकरीवर टायवाला उठलाच नव्हता. सगळ्यांची मिळून एकच प्रत केली ती ह्यांनी, लिहिण्याआधी वेगळी प्रत काढायला विसरले तेही हेच, आणि घरी कोण गेलं, तर तो बिचारा टायवाला!"