अबू माजिद यांच्या खिशातला परवाना

मी एक जुना परवाना आहे. साधासुधा नव्हे, मित्रांनो. अंगावरच्या कपड्यांत पिस्तूल झाकून बाळगायची मुभा देणारा. सौदी अरेबियात, दम्मामच्या पोलीस कचेरीत एका टेबलावर माझा जन्म झाला. चार जाड पानं, एक फोटो आणि एक गोल शिक्का, एवढाच माझा देह. फोटोतल्या माणसाच्या मिशा काळ्याभोर होत्या. ते अबू माजिद, साध्या वेशात काम करणारे पोलीस अधिकारी.

अरबी कागद असून मी मराठी कसा बोलतो, हे तुमच्या मनात आलंच असेल. पहिल्याच आठवड्यात अबू माजिद यांनी मला बाजारातल्या उस्मानकडे दिलं. उस्मान दापोलीकडचा, चामड्याची कामं करणारा. त्याने माझ्यासाठी उंटाच्या चामड्याचं वेष्टण शिवलं. चार दिवस मी त्याच्या दुकानात पडून होतो आणि त्या चार दिवसांत त्याचं तोंड एकदाही बंद झालं नाही. टाका घालता घालता तो गावच्या गोष्टी सांगे, सुईला शिव्या घाली, मग तिचीच समजूत काढी. मी कोराकरकरीत होतो. जे ऐकलं ते मुरलं.

मग सुरू झाला माझा खिशातला संसार. अबू माजिद यांच्या पांढऱ्या पायघोळ थोबच्या खिशात मी, आणि कापडापलीकडे, कमरेला, पिस्तूल. खिशात राहून बाहेरचं कसं दिसतं असं विचारू नका. खिशाला शिवण असते आणि शिवणीला फटी असतात. त्या फटीतून मी रास तनुराच्या तेलशुद्धी कारखान्याची आकाशाला भिडलेली ज्योत पाहिली, बंदरातली डोंगराएवढी जहाजं पाहिली. पण खरं नवल मला वाटलं ते माझ्या धन्याचं. एकदा मासळीबाजारात दोघे सुरे घेऊन एकमेकांवर धावले. आता हात कमरेकडे जाणार म्हणून मी अंग चोरलं. अबू माजिद मात्र दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की आधी चहा पिऊ, मग काय ते भांडा. त्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही की या माणसाच्या कमरेला पिस्तूल आहे. अशी एकोणीस वर्षं गेली. पिस्तूल एकदाही कुणावर रोखलं गेलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा माझ्यावर नवा शिक्का बसला. निवृत्तांनाही मला जवळ ठेवता येई, फक्त दर तीन वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला लागे. शहराबाहेर ठिकठिकाणी तपासणी नाके होते. मला पाहिलं की तिथले तरुण शिपाई सलाम ठोकत. खोटं कशाला बोलू, मी अगदी फुगून जायचो.

पण अबू माजिद यांना साखरेचा आजार होता, आणि साखर डोळ्यांत उतरली होती. हे सगळ्यात आधी मला कळलं. ते मला अंगठ्याने चाचपू लागले. नाक्यावर मला उलटं धरू लागले. शिपाई मला हळूच सुलटं करी आणि तरीही सलाम करी. घरात कुणाला पत्ता नव्हता.

एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, ते अंगणात बसले होते. फाटक करकरलं. अंधुक उजेडात काहीतरी लांबट हातात घेऊन कुणीतरी आत धावत आलं. अबू माजिद यांचा हात थोबखाली गेला. पिस्तुलाला हात लागला, मित्रांनो. तेवढ्यात हाक आली, "जद्दी!" म्हणजे आजोबा. ती त्यांची सात वर्षांची नात हलिमा होती आणि तिच्या हातात झाडू होता. ते बराच वेळ तिला जवळ घेऊन बसले. कुणाला काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मला तोंड कुठे होतं?

पुढच्याच महिन्यात दाखल्याची वेळ आली. परवाना गेला तर माणूस म्हणून आपलं उरतं काय, ही त्यांची भीती. मग त्यांनी एक युक्ती केली. दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता तर तुम्ही पाहिलाच असेल. फणीसारख्या तीन दातांच्या खुणा, आणि दात कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. हलिमाला चष्मा लागला का ते बघायला नेलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडून तो तक्ता खेळ म्हणून मोठ्याने वाचून घेतला आणि घरी जपमाळेच्या मण्यांवर पाठ केला. एक मणी, एक खूण. सत्तरीचा पोलीस सात वर्षांच्या मास्तरणीसमोर धडा म्हणत होता. खरं सांगतो, त्यांनी पास व्हावं असं मलाही वाटत होतं. माझा जीव त्यात होता.

दवाखान्यात नव्या डॉक्टर आल्या होत्या, हेमलताबाई, पुण्याच्या. सोबत नर्स पद्मिनी. डॉक्टरांनी छडी उचलली आणि ओळीच्या डाव्या टोकावर ठेवली. आपण मराठी माणसं डावीकडूनच वाचतो ना! हलिमाने मात्र, अरबी वाचतात तसं, उजवीकडून वाचलं होतं. अबू माजिद न अडखळता सांगत सुटले. सगळी ओळ बरोबर, पण उलट्या बाजूने.

पद्मिनी मराठीत हळूच म्हणाली, "मॅडम, चुकून उलटं वाचलं असेल. हे दवाखान्याच्या मालकांचे मावसभाऊ आहेत. तुमचा इकामा याच महिन्यात नवा व्हायचा आहे ना? करून टाका सही."

इकामा म्हणजे परदेशी माणसाचा इथे राहायचा परवाना, आणि तो नवा करून देणं मालकांच्या हातात. माझा जीव भांड्यात पडला. खोलीत हे बोलणं कळणारा तिसरा मी एकटाच होतो.

हेमलताबाई पुन्हा तक्त्याकडे वळल्या. छडी एकाच खुणेवर ठेवली आणि तिथेच धरून राहिल्या. अबू माजिद मात्र पुढे निघाले. वर. खाली. डावीकडे. खिशात माझ्याशेजारी मणी सरकत होते.

"सही माझी असणार, पद्मिनी," त्या म्हणाल्या. "गोळी कुणाला लागेल ते मला माहीत नाही."

मग त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, की काका, हे कुणी शिकवलं?

"हलिमाने. माझी नात."

"तिला सांगा, फार छान शिकवलंय."

ओरडल्या असत्या तर अबू माजिद ताठ बसले असते. या एका वाक्याने ते खचले. अंगणातली ती संध्याकाळ, फाटक, झाडू, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी मला काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "खलास."

तिथून मला उचलून ते आधी मालकांच्या खोलीत गेले आणि बजावून आले की या डॉक्टरबाईंचा इकामा एक दिवसही अडता कामा नये. मग पोलीस कचेरीत गेले. त्यांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, तेव्हा तिथला तरुण अधिकारी उठून उभा राहिला. मला फाडायला त्याचा हात होईना. त्याने रद्द झाल्याची खूण म्हणून माझ्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि मला परत दिलं. दुखलं, पण अबू माजिद यांच्याएवढा मोठा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या भोकाचा मला आजही अभिमान आहे.

आता उस्मानच्या त्या वेष्टणात पुढे डोळ्यांच्या उपचारासाठी दवाखान्याने दिलेलं निळं कार्ड असतं आणि मागे मी. परवा नाक्यावर अबू माजिद यांनी नेहमीप्रमाणे आम्हाला उलटं धरलं. शिपायाने निळं कार्ड सुलटं केलं, माझ्या भोकाला बोट लावून पाहिलं आणि सलाम ठोकला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी आजोबा, आजी सगळं दिसतंय म्हणत असतील. त्यांच्याकडे हलिमासारखं प्रेमाने बघा, आणि अधूनमधून छडी एकाच जागी धरूनही बघा.