आकड्याखालची टिंबे

डॉक्टरीणबाईंनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि त्यांच्या मुद्रेवर समाधान उमटले. चौदा दिवस, दोन रकाने, सकाळ आणि सायंकाळ. पट्टीने आखलेल्या रेषा, आणि त्यांत काळ्या शाईने मांडलेले नितळ आकडे.

"काका, इतका स्वच्छ तक्ता मी आजवर पाहिला नाही."

मुद्रितशोधकांनी संकोचाने मान लववली. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात प्रुफे तपासली होती; तीही कथा-कवितांची नव्हेत, कोष्टकांची. वेळापत्रके, वर्गमुळे, भरती-ओहोटीचे तक्ते. अशा पानांत अर्थ मदतीस धावून येत नाही. तिथे एकच न्याय चालतो: रांग सोडून गेलेला आकडा दोषी धरावा. त्या न्यायाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

दमा पत्नीला होता. ती शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. रोज पहाटे पाच वाजता आणि पुन्हा दिवेलागणीला ती श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकर मारी, आणि काटा जिथे थांबेल तो आकडा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने टिपून ठेवी. पहाटे पती झोपलेले असत. पंधराव्या दिवशी ते टिपण शाईने उतरवून काढणे एवढेच त्यांच्याकडे होते.

"दोनशे ऐंशी, तीनशे, दोनशे नव्वद. सकाळ-संध्याकाळ सारखंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग रोजचा पंप कधीही घेतला तरी चालेल. सकाळी दात घासायच्या आधी घ्या, म्हणजे विसरायला होणार नाही."

"पण पहाटे मला जरा..."

"अगं, आकडे समोर आहेत त्यांच्या," पती मृदुपणे म्हणाले.

पत्नीने तक्त्याकडे पाहिले. चष्मा पिशवीत होता. तो तिने बाहेर काढला नाही.

घरी जिना चढताना ती सहाव्या पायरीवर थांबली. कठड्याला धरून तिने श्वास गोळा केला.

"माझ्या फुंकरीचंही प्रूफ तपासलंत की काय, अहो?"

"सवय गं."

दोघेही हसली. तिचे हसणे खोकल्यात बुडाले.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ती अंथरुणात उठून बसली, आणि धापेमुळे तिच्या तोंडून शब्द फुटेना.

इस्पितळातल्या तिसऱ्या दिवशीही तिच्या नाकातोंडावर मुखवटा होता. उशाशी यंत्र होते. तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा त्यावर उमटे. नर्सने पुठ्ठ्याला लावलेला एक कागद पतींच्या हाती दिला होता.

"आजोबा, बसलाच आहात तर हा आकडा अर्ध्या अर्ध्या तासाने लिहाल का? माझे तीन खोल्यांत हाल चाललेत."

ते लिहीत होते. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. "काका, मला एक कळत नाही. इतका मोठा झटका यायच्या आधी पहाटेचे आकडे ढासळायला हवे होते. मूळ टिपण आहे का?"

ते त्यांनी सकाळीच घरून आणले होते. कॅलेंडरचे पान घडीतून उलगडून त्यांनी पुढे केले.

"पाच ठिकाणी मी दुरुस्ती केली," ते म्हणाले. "तिथे एकशे ऐंशी होतं, एकशे सत्तर होतं. मला वाटलं, दोनशेच्या जागी चुकून एकशे पडलंय. चष्म्याशिवाय लिहिते ती पहाटे. आजूबाजूचे सगळे तर तीनशेच्या आसपास..."

डॉक्टरीणबाईंनी पान बराच वेळ पाहिले.

"हे दिसलं असतं तर पंप दुपारी चारला घ्यायला सांगितला असता. काहींना पहाटेपर्यंत त्याचा आधार पुरतो. औषधही वाढवलं असतं बहुधा."

"म्हणजे वेळ माझ्यामुळे चुकली."

"आता ते नको, काका." त्यांनी पान परत त्यांच्या हातात ठेवले आणि त्या पुढच्या खोलीकडे गेल्या.

मुद्रितशोधकांनी खिशातले भिंग काढले. जे काम त्या दिवशी करायचे राहिले होते, ते आता केले: मूळ प्रत वाचली. त्या पाच आकड्यांखाली बारीक टिंबे होती. प्रत्येकाखाली तीन. उतरवून काढताना ती त्यांना कागदावरची धूळ वाटली होती. धूळ अशी दाबून बसत नाही.

प्रुफात खोडलेला मजकूर मूळचाच बरोबर असेल, तर त्याखाली टिंबे देतात. होते तसे राहू द्यावे, असा त्याचा अर्थ. तीस वर्षे रोज सायंकाळी पत्नी मूळ प्रत मोठ्याने वाची आणि ते प्रुफावर नजर फिरवीत. तिला सगळ्या खुणा पाठ होत्या. मात्र ही टिंबे तिने खोडण्याची वाट न पाहता, आधीच दिली होती.

त्यांनी पानाची घडी घातली. ती नीट बसेना.

चार वाजता त्यांनी यंत्राकडे पाहिले. शहाऐंशी. वरच्या ओळीत त्र्याण्णव होते, त्याच्या वर चौऱ्याण्णव. त्यांचा हात आपोआप तिच्या बोटाकडे गेला. चिमटा घट्ट होता. बोट मात्र गार होते.

त्यांनी शहाऐंशी लिहिले, खाली तीन टिंबे दिली आणि दाराशी जाऊन हाक मारली. छापखान्यात चाळीस वर्षांत कुणी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

नर्स धावत आली. कागदावर नजर टाकून ती म्हणाली, "चिमटा सरकला असेल, आजोबा. असं होतं कधी कधी."

"नाही," ते म्हणाले. "आकडा बरोबर आहे. डॉक्टरांना बोलवा."